आठवा गडी

अंकगणिताच्या पुस्तकातील मजुरांचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. इतकी गुणी माणसे जगात दुसरीकडे कोठे पाहायला मिळायची नाहीत. १२ मजूर एक भिंत ८ दिवसांत बांधतात. २४ लावले की तीच भिंत ४ दिवसांत उभी राहते. आणि कोणा हौशी मालकाने ९६ मजूर आणून उभे केले तर एका दिवसात काम फत्ते! त्यांच्यात कोणी नवखा नसतो. कोणाला हिवताप येत नाही, कोणाची बायको बाळंत होत नाही, कोणाचे कोणाशी बिनसत नाही. ९६ माणसे एका भिंतीपाशी दाटीवाटीने उभी तरी कशी राहिली, असा प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेला नाही. विचारला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

परीक्षेपुरते हे मजूर फार सोयीचे. पण त्यांच्या भरवशावर कोणी खरोखरीचा कारभार मांडला म्हणजे काय होते, ते माझ्या भाच्याच्या नोकरीमुळे मला अगदी जवळून पाहायला मिळाले.

भाचा पुण्यात एका स्टार्टअपमध्ये इंजिनिअर आहे. स्टार्टअप म्हणजे काय, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. चार तरुण एकत्र येतात, एखादी कल्पना काढतात, दुसऱ्याचे भांडवल आणतात आणि दर वर्षी दुप्पट होण्याची प्रतिज्ञा करतात. भाच्याची कंपनी गावोगावच्या किराणा दुकानदारांना मोबाइलवरून घाऊक माल मागवण्याची सोय करून देते. त्यात भाच्याचे काम कोणते, हे समजायला मात्र आम्हा घरच्या मंडळींना दोन वर्षे लागली. तो दुकानदारांना दिसणारे काहीच करीत नाही. जे दिसते ते दुसरे इंजिनिअर तयार करतात. ते ज्या सर्व्हरांवर चालते, ज्या डेटाबेसात साठते, ते सारे अहोरात्र चालू ठेवणे हे याचे काम. वाड्यात पाहुणे आले की दिवाणखान्याची तारीफ होते, यजमानीणबाईंच्या पुरणपोळीची होते. नळाला पाणी आहे याबद्दल कोणी यजमानांचे अभिनंदन करीत नाही. पाणी गेले की मात्र सगळा वाडा गॅलरीत येऊन उभा राहतो. माझा भाचा म्हणजे त्या वाड्याचा नळवाला.

तो नोकरीला लागला तेव्हा कंपनीत सगळी मिळून ११ माणसे होती आणि हे काम तो एकटा पाहत असे. चार वर्षांत ११ ची १६० झाली. विक्रीची माणसे वाढली, हिशेबनीस वाढले, नवनव्या सोयी तयार करणारे इंजिनिअर ५० वर गेले. नळवाले झाले दोन. हे पन्नास जण रोज काही ना काही नवे जोडीत, नवे जोडले की कोठेतरी जुने गळू लागे, आणि गळते कोठे ते शोधायला रात्री-अपरात्री याच दोघांना उठावे लागे. एका आठवड्यात हा, दुसऱ्या आठवड्यात तो. पण ज्याची पाळी नसे त्यालाही मोबाइल उशाशी ठेवावाच लागे; न जाणो पहिल्याने उचलला नाही तर! म्हणजे कागदावर एक आठवडा काम आणि एक आठवडा विश्रांती. प्रत्यक्षात वर्षाचे ५२ आठवडे पहारा.

गेल्या वर्षीचे लक्ष्मीपूजन मला आठवते. सणासुदीत दुकानदारांची खरेदी चौपट होते, तेव्हा सगळ्या जगाची दिवाळी हीच या पोरांची सुगी. बहीण ताम्हण घेऊन उभी, मेहुणे कद नेसून बसलेले, आणि इतक्यात त्या मोबाइलमधून असा काही भोंगा झाला की दारातली पणती लावणारी शेजारची मुलगी दचकून मागे सरली. भाचा उठला तो जिन्यात जाऊन बसला. मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन. सात वाजता गेला तो अकराला परत आला. "अरे, लक्ष्मीच मोबाइलमधून आली आहे, तिला नको कसे म्हणायचे?" असा विनोद मेहुण्यांनी केला. कोणी हसले नाही. त्या दिवाळीच्या ६ दिवसांत भोंगा २३ वेळा वाजला. त्यांतला किती वेळा खरा होता, असे मी नंतर विचारले. भाचा म्हणाला, "मामा, खरा ७ वेळा. बाकीचे आपोआप बंद झाले. पण आपोआप बंद होणार आहे की नाही हे उठून बसल्याशिवाय कळत नाही ना!"

वैशाखात त्याच्या जोडीदाराने दुसरीकडे नोकरी धरली. नवा माणूस लवकरच घेऊ, असे सांगण्यात आले, आणि "लवकर" या शब्दाचा अर्थ मालकांच्या कोशात काय असतो, हे नोकरदार वाचकांना मी सांगायला नको. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, तीन महिने पोर एकटे होते. एके दिवशी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, हा रात्री उठून बसतो. फोन वाजला म्हणतो. अरे, फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवलेला असतो!"

माझ्या कादंबऱ्यांतून मी आजवर पुष्कळ नायकांची झोप उडवली आहे. पण ती प्रेमापायी. न वाजलेल्या भोंग्याने कोणाची झोप उडेल, हे मला कधी सुचले नव्हते. एकोणतिसाव्या वर्षी भाचा विझल्यासारखा दिसू लागला. कामाचा कंटाळा म्हणावा तर तसेही नव्हते. हे काम त्याला आवडत असे. आता कोणी त्या कामाबद्दल विचारले तर तो चिडे, किंवा कुत्सित हसे. डॉक्टरांनी जो शब्द सांगितला तो हल्ली पुष्कळांच्या तोंडी आहे: बर्नआउट. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या दुखण्यावर लेख लिहिला. गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यातील सेवाभावी मंडळींत त्याला ते दिसले होते, आणि त्याने स्वतःही ते भोगले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने त्याची तीन अंगे दाखवली: माणूस पार थकून जातो, कामाबद्दल त्याच्या मनात कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे त्याला वाटू लागते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली, ती मात्र रोग म्हणून नव्हे. नोकरीतील न आवरलेल्या ताणातून उद्भवणारा प्रकार म्हणून. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. रोग म्हटले की औषध रोग्याने घ्यायचे. नोकरीतील प्रकार म्हटला की औषध नोकरीलाच द्यायला हवे.

पण आपली पद्धत उलटी. भाच्याला योगासनांचा वर्ग सांगण्यात आला, कंपनीने ध्यानधारणेचे एक अ‍ॅप दिले. त्या अ‍ॅपचीही घंटी वाजे!

सुटी घेऊन तो महिनाभर माझ्याकडे येऊन राहिला. तेव्हा त्याच्या पिशवीतील एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मी चाळले. गूगल कंपनीतल्या लोकांनी लिहिलेले हे पुस्तक २०१६ मध्ये निघाले. असली कामे करणाऱ्यांचे पहिले पथक तेथे २००३ मध्ये बेन ट्रेनर स्लॉस या गृहस्थांच्या हाताखाली उभे राहिले, त्याचा हा अनुभव. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यातले यंत्रांचे पुष्कळसे माझ्या डोक्यावरून गेले. पण मध्ये माणसांचा हिशेब होता, आणि हिशेब म्हटला की मास्तर जागा होतो.

हिशेब असा. पहाऱ्यावर एका वेळी दोघे हवेत. एक मुख्य, एक मदतीला. पाळी आठवड्याची. कोणाही माणसाचा पाव हिस्स्याहून अधिक काळ पहाऱ्यात जाऊ नये. तर माणसे किती? दोन जागा, प्रत्येकाने चार आठवड्यांतून एकच आठवडा, म्हणून दोन गुणिले चार, आठ. एका ठिकाणी पथक असेल तर किमान ८ माणसे, असे ते पुस्तक सांगते. दोन खंडांत दोन पथके असतील आणि इथली रात्र ती तिथला दिवस अशी सोय असेल, तर प्रत्येकी ६ पुरतात. पुणे आणि कॅलिफोर्निया यांत साडेबारा-साडेतेरा तासांचे अंतर आहे; तेव्हा बड्या परदेशी कंपन्यांना ही सोय सहज करता येते. (आणि कित्येक ठिकाणी ती न करता अमेरिकेची रात्रही पुण्याच्याच पोरांच्या गळ्यात बांधली जाते, ते वेगळे.) आणखी एक गोष्ट मला पटली. एक बिघाड म्हणजे नुसते उठून कळ दाबणे नव्हे. त्याचे मूळ शोधणे, ते बुजवणे आणि झाल्या प्रकाराची टिपणी लिहिणे, असे मिळून सरासरी ६ तास जातात. म्हणून १२ तासांच्या पाळीत दोहोंपेक्षा अधिक बिघाड आले, तर माणूस कमी आहे असे समजावे. माणूस कच्चा आहे असे नव्हे!

त्या पुस्तकात एक शब्द आहे, त्याला मी मनाशी "वेठ" असे नाव दिले. हाताने करायची, पुन्हा पुन्हा करायची, केल्याने पुढे काहीच न उरणारी, आणि व्याप वाढला की त्याच प्रमाणात वाढणारी कामे म्हणजे वेठ. असल्या कामांत माणसाचा निम्म्याहून अधिक वेळ जाता कामा नये, असा तेथला दंडक. उरलेल्या निम्म्या वेळात त्याने असे काही घडवायचे की उद्याची वेठच कमी व्हावी. एकट्याने राबणाऱ्या माणसाला हा निम्मा वेळ कधी मिळत नाही, म्हणून वेठ वाढते. वेठ वाढली म्हणून वेळ मिळत नाही. आमच्याकडे सावकाराच्या व्याजाची उदाहरणे असत, ती याच चालीची.

श्रावण सरता सरता भाच्याचे मालक आमच्याकडे आले. खलनायक भेटेल अशी माझी कल्पना होती. आला तो एकतीस-बत्तीस वर्षांचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळे असलेला मुलगा. अंजीर बर्फीचा डबा घेऊन आला होता. भाच्याने राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले आहे, याचा त्याला सुगावा लागला होता.

"सर," तो मला म्हणाला, "फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअॅप घेतले तेव्हा त्यांच्याकडे अवघी ५५ माणसे होती. वापरणारे ४५ कोटी! इन्स्टाग्राम २०१२ मध्ये विकले गेले तेव्हा १३ माणसे. मग आम्हालाच एवढी माणसे कशाला लागावीत?"

बिनतोड वाटतो, नाही? पण भाच्याने शांतपणे उत्तर दिले. इन्स्टाग्राम तेव्हा अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रांवर चालत होते; ती यंत्रे सांभाळणारी माणसे १३ जणांच्या पटावर नव्हती एवढेच. आणि व्हॉट्सअॅपच्या त्या मूठभर लोकांनी एकच गोष्ट करायची आणि तीच नेटकी करायची असे ठरवले होते. दर आठवड्याला नवी सोय जोडण्याचा सोस त्यांना नव्हता. "आपण महिन्याला चाळीस गोष्टी जोडतो," भाचा म्हणाला. मला आमच्या वर्गातील त्या मुलांची आठवण झाली, जी पहिल्या आलेल्या मुलाने अभ्यास किती तास केला एवढेच विचारतात.

मग त्याने गिटलॅबची हकीकत सांगितली. ती जगजाहीर आहे, कारण त्या कंपनीने स्वतःच ती सविस्तर प्रसिद्ध केली. गिटलॅब तेव्हा वाढती कंपनी होती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा डेटाबेस कुरकुरत होता. सांभाळणारा इंजिनिअर, उशीर झाला म्हणून, काम आटोपण्याच्या बेतात होता. तेवढ्यात नवा बिघाड निघाला आणि तो बसला. जोड-सर्व्हरावरची निरुपयोगी फाइलींची पिशवी रिकामी करायची होती. त्याने आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरावर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने हात आखडला, तोवर ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. आता जपून ठेवलेल्या प्रती काढू म्हणून पाहतात, तो एकेक उपाय निकामी! रोजची प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती. ती निघत नाही असे कळवणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. शेवटी उपयोगी पडली ती एक प्रत, आणि तीही त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी सहज काढून ठेवलेली. सुमारे १८ तासांनी गाडी रुळावर आली. सहा तासांचे काम कायमचे गेले, ५,००० च्या आसपास प्रकल्पांना त्याची झळ लागली. त्या इंजिनिअरला कंपनीने काढले नाही. प्रती नीट निघतात की नाही हे कोणी तपासीत नव्हते, कारण ते काम कोणाचेच नव्हते, असे कंपनीने आपल्या अहवालात लिहून टाकले.

मालक बराच वेळ गप्प होता. "ते कोणाचेच काम नव्हते," एवढेच तो स्वतःशी म्हणाला. मग म्हणाला, "सर, पण उद्या मी चार माणसे घेतली, आणि भोंगा वाजलाच नाही, तर ती दिवसभर करतील काय?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्या शाळेत दर जूनमध्ये वेळापत्रक करताना संस्थेचा कोणी ना कोणी सभासद हेच विचारतो. मास्तरांना आठवड्यात इतके तास मोकळे कशाला? मोकळे एवढ्यासाठी, की एखाद्या बाईंचे मूल आजारी पडले तर तो वर्ग सांभाळायला कोणी असावे. ज्या शाळेत प्रत्येकाचा प्रत्येक तास भरलेला असतो, तेथे एक मास्तर गैरहजर राहिला की दुसऱ्या तासापर्यंत पोरे पटांगणात. मुंबईच्या गिरण्यांनासुद्धा बदली कामगार दारात उभे लागत. बदलीवाल्यांचे हाल काय होत ते निराळे, पण माणूस गैरहजर राहायचाच, हे गिरणीमालकांनी जाणले होते. आणि आठवड्याची एक रविवारची सुटी गिरणीकामगारांना मिळवून द्यायला नारायण मेघाजी लोखंडे यांना १८९० साल उजाडेपर्यंत झगडावे लागले. मोबाइल उशाशी घेऊन झोपणाऱ्याचा रविवार कोणता?

भाच्याने त्याला या गोष्टीचे गणितही दाखवले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अ‍ॅग्नर एर्लांग नावाचा गणिती होता. किती तारा आणि किती टेलिफोनवाल्या ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावे लागणार नाही, हा प्रश्न त्याने १९०९ पासून सोडवायला घेतला, आणि त्यातून रांगांचे एक शास्त्रच निघाले. कामे वेळीअवेळी येत असतील आणि करणारा एक असेल, तर तो निम्मा वेळ गुंतलेला असताना एका तासाच्या कामाला सरासरी एक तास थांबावे लागते. तो शंभरांतील ८० हिस्से गुंतला की चार तास. ९० हिस्से गुंतला की नऊ. ९५ झाले की एकोणीस! म्हणजे माणसाला पूर्ण जुंपून काम लवकर होत नाही, तुंबते. हे कोष्टक मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले. यंदा संस्थेच्या सभासदांना दाखवणार आहे.

"बरे, उद्याच चौघे घेतो," मालक उत्साहाने म्हणाला. तरुण माणसाचे असे असते. तेव्हा माझे ९६ मजूर मला आठवले. फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे, की रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखी रखडते. कारण नव्याला शिकवायचे कोणी? जो आधीच बुडाला आहे त्यानेच. घर पेटल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडेही म्हणतातच. माणूस हवा तो पाणी गळ्याशी येण्याच्या आधी सहा महिने. ती वेळ तर टळून गेली होती.

मग काय केले? जे केले त्यात चमत्कार काही नाही. नव्या गोष्टी जोडणे दोन महिने अगदी कमी केले. विक्रीच्या मंडळींनी आरडाओरडा केला, तो मालकाने सोसला. याबद्दल त्याला मी मानतो. दोन माणसे लगेच घेतली, दोन नंतर. आणि पहिल्या महिन्यात नवख्याने नुसते शेजारी बसून पाहायचे असे ठरले. सगळ्यांत गुणकारी ठरला तो मात्र निराळाच उपाय. ज्याने जे लिहिले त्याचा भोंगा त्याच्याच उशाशी! अ‍ॅमेझॉनचे वर्नर व्होगेल्स हा नियम २००६ पासून सांगत आले आहेत. पन्नासांपैकी दोघे दोघे आळीपाळीने पहाऱ्यावर येऊ लागले, आणि महिनाभरात खोट्या भोंग्यांची संख्या पाहता पाहता उतरली. रात्री तीन वाजता स्वतः उठावे लागले म्हणजे माणसाला स्वतःच्या कामातील दोष किती स्वच्छ दिसतात!

भाच्याने राजीनामा फाडला नाही. खणात ठेवला आहे. झोप परत आली आहे, पूर्वीइतकी नाही. मधूनच बोलता बोलता त्याचा हात खिशाकडे जातो. बहीण ते पाहते आणि काही बोलत नाही.

पहाऱ्याचा तक्ता आता कंपनीच्या भिंतीवर लागतो. भाचा धरून पथकात पाच जण आहेत, पन्नासांतले दोन उसने, म्हणजे सात. आठवा रकाना कोरा आहे. त्यासाठी मुलाखती चालू आहेत आणि मालक दर सोमवारी विचारतो, की सातात भागणार नाही का? दर सोमवारी भाचा त्याला दोन गुणिले चार करून दाखवतो. दिवाळीच्या आठवड्यासाठी बरीच ओढाताण झाली. अखेर केरळचा एक तरुण म्हणाला, लक्ष्मीपूजन आणि पाडवा मी घेतो, ओणमचा सबंध आठवडा मला मोकळा द्या. भाच्याकडे भाऊबीजेची रात्र आली. बहिणीने त्या केरळच्या मुलाला अजून पाहिलेले नाही. पण चकल्यांचा एक डबा तिने निराळा बांधून ठेवला आहे, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो ऑफिसात नेऊन पोचवायचे काम माझ्याकडे आले आहे.